हिरव्या दिव्यामागे

हेडफोन डोक्यावर चढले तरी मौनीबाईच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. काचेपलीकडे सहा जण दाटीवाटीने उभे होते. सगळ्यांत पुढे होता प्रयोगशाळेतला थोरला विद्यार्थी, सगळ्यांचा दादा. आजचा घाट त्यानेच घातला होता.

तसा घाट जुनाच. वाणी आणि मेंदूवर संशोधन करणाऱ्या या प्रयोगशाळेत कुणी नवं आलं की त्याला या आवाजबंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे आणि एक उतारा मोठ्याने वाचायला द्यायचा. यंत्र त्याचाच आवाज क्षणभर उशिरा त्याच्या कानात सोडतं. झालं! जीभ पुढे, कान मागे. भल्याभल्यांची बोबडी वळते. रेडिओवर बातम्या वाचून आलेल्या एका पठ्ठ्याने दुसऱ्याच ओळीला हात जोडले होते. खुद्द दादा चार वर्षांपूर्वी पहिल्या वाक्यातच आडवा झाला होता, आणि ते रेकॉर्डिंग अजून दर वर्षी नव्यांना ऐकवलं जातं.

मौनीबाईवर मात्र त्याचा खास राग होता; हे नावही त्यानेच पाडलेलं. तिला येऊन तीन आठवडे झाले होते. पहिल्या दिवशी नाव विचारलं, तर तिने गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. जेवलीस का विचारलं, तर नुसती मान. फोन वाजला की बाईसाहेब नेमक्या बाहेर. काही विचारायचं असलं की चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवायची. मेंदूतले संदेश टिपणाऱ्या तारांच्या टोप्या धुवायचं काम तिच्याकडे होतं. ते मात्र ती चोख करायची, डोक्याला लावायच्या चिकट जेलचा कण टोपीवर राहायचा नाही. दादाने तिला दोनदा चहाला बोलावलं. दोन्ही वेळा ती हसून निघून गेली. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

"शिष्ट आहे पक्की," तो सगळ्यांना सांगत सुटला होता. "एकदा तोंड उघडू दे, मग बघा गंमत. पाच ओळींच्या आत अडखळली नाही, तर महिनाभर टोप्या मी धुतो!"

खोलीत बस म्हटल्यावर ती इतक्या तत्परतेने आत गेली की त्याला जरा नवलच वाटलं. त्याने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

मौनीबाईने कागद उचलला, एक श्वास घेतला आणि वाचायला लागली. पहिली ओळ सरळ गेली. दुसरी गेली. पाचवी गेली. नळ सोडावा तसा आवाज वाहत होता. दादाने उशीर थोडा वाढवला. काही फरक नाही. वाचता वाचता तिचे डोळे मोठे होत गेले. उतारा संपला, तर तिने तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, या खेपेला आणखी मोठ्याने.

"बघा, वर मिरवतेय!" दादा म्हणाला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे, यंत्रच बिघडलंय!"

तो तरातरा आत गेला. तिचे हेडफोन काढून त्याने स्वतःच्या कानांना लावले.

"नमस्का-का-आर... मी-ई-ई..."

काचेपलीकडे हशा पिकला. यंत्र ठणठणीत होतं. महिन्याभराच्या टोप्या दादाच्या गळ्यात पडल्या होत्या आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"हिला काहीच कसं होत नाही?" हेडफोन काढत तो जवळजवळ ओरडलाच.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम कपातला चहा घोटघोट पीत दारात उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे.

"मला काय विचारतोस?" त्या म्हणाल्या. "हा उशीर सरळ बोलणाऱ्याला अडवतो. आणि मोकळं कुणाला करतो? तुझ्याच लेखात छापून आलंय, तिसऱ्या पानावर."

एवढं तर दादाला झोपेतही पाठ होतं. तो घाईघाईने म्हणाला, "जे लोक एरवी बोलताना..."

आणि तो तिथेच थांबला. हळूच वळून त्याने मौनीबाईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलली.

"ति-ति-तिसरं प-पान," ती हसत म्हणाली, "तेच व-वाचून तर म-मी इथे आले, द-दादा."