नाकातलं वजन

"पंख हाय तो, भाकर न्हाई थापायला. हलक्या हातानं दाब!" नंदाबाई खेकसली.

डिंक लावलेला पंख अर्पिताने तसाच धरून ठेवला. रिमोटवर उडणाऱ्या या विमानाचा खोका कल्याणने हौसेने मागवला होता. बिनइंजिनाचं, नुसत्या वाऱ्यावर तरंगणारं. एक पंख जोडून झाला आणि जालन्याच्या रस्त्यावर ट्रकने त्याला चिरडलं. राहिलेलं आता त्याची बायको जोडत होती. उद्या ती आष्टीला, माहेरी, कायमची निघणार होती.

तीही रिकाम्या हाताने. थोरल्या दिराने, धर्मराजने, तसं बजावलंच होतं. तिच्या बापाने लग्नात घातलेला सोन्याचा पोहेहारसुद्धा सासूच्या, नंदाबाईच्या, पेटीत होता, आणि पेटीची किल्ली नंदाबाईच्या कमरेला.

"एक मणी जाता कामा न्हाई, माय," धर्मराज उंबऱ्यातून म्हणाला.

"मला नको शिकवू. माझ्या पेटीला माझ्याबिगर कुणाचा हात लागत न्हाई."

"अन् हे विमान बी हितंच राहील. कल्याणची चीज हाय."

"राहू दे की. एकडाव उडवून तर बघू दे. जीव अडकला आसंल त्याचा."

अर्पिताने विमान दोन बोटांवर तोललं. शेपटी खाली गेली.

"आत्याबाई, नाक हलकं हाय. ह्या शिशाच्या गोळ्या भराव्या लागतेत आत."

"आण इकडं. तुझ्या हातानं एक काम बराबर व्हईना."

विमान आणि गोळ्यांची पुडी घेऊन नंदाबाई आतल्या खोलीत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा नाकाचं झाकण पक्कं चिकटवलेलं होतं. अर्पिताने पुन्हा तोललं. विमान सरळ राहिलं.

सकाळी टेकाडावरून अर्पिताने ते हवेत सोडलं. वाऱ्याने अलगद उचललं. कपाशीवरून विमान ओढ्याकडे निघालं. ओढ्यापलीकडच्या सडकेवर तिचा बाप मोटरसायकल घेऊन उभा होता.

"वळव माघारी," धर्मराज ओरडला.

"कशाला वळवती?" नंदाबाई म्हणाली. "कल्याण आला का वळून?"

अर्पिताचा रिमोटवरचा अंगठा थांबला. विमान ओढा ओलांडून पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर उतरलं.

"जाऊ दे, खेळणंच तर हाय," म्हणत धर्मराजने तिची पिशवी जमिनीवर पालथी केली. दोन लुगडी, कल्याणचा फोटो. गळा, कान उघडेच होते.

"निघ आता," नंदाबाई म्हणाली. "वाटंनं ते विमान उचलून ने. माझ्या दारात परत आणू नको. तुझं तोंड बी नको."

अर्पिता हुंदके देत ओढ्यात उतरली. सडकेवरचा धुरळा बसेपर्यंत नंदाबाई टेकाडावरून हलली नाही.

घरी आल्यावर तिने कमरेची किल्ली सोडली आणि धर्मराजपुढे टाकली.

"घे. लई घाई झाल्ती ना तुला."

धर्मराजने पेटी उघडली. पोहेहाराच्या लाल डबीत शिशाच्या गोळ्या होत्या.