बिनविरोध

भिंतीवरच्या नकाशावर चादर कोणी टाकायची, यावरून सकाळचा चहा गार झाला. नकाशातली सीमेची रेघ यजमान देशाच्या सोयीची होती. तो झाकायला हवा, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. पण आम्ही झाकला तर दावा सोडल्यासारखं होईल, असं इकडचे म्हणत होते आणि आम्ही हात लावला तर दखल घेतल्यासारखं होईल, असं तिकडचे. शेवटी मॅडम खुर्चीवर चढल्या, टेबलावरची चादर ओढली आणि नकाशावर टाकून मोकळ्या झाल्या. मग त्या कृतीचा अर्थ काय घ्यायचा, यावर जेवणापर्यंत चर्चा रंगली.

मॅडम विद्यापीठात शांतता आणि संघर्ष हा विषय शिकवत. दोन शेजारी देशांच्या अभ्यासकांची ही परिषद आलटून पालटून भरायची आणि यंदा पाळी त्यांच्या विभागाची होती. एरवी त्यांनी हे लचांड गळ्यात घेतलंच नसतं. पण धाकट्या बहिणीचा मुलगा सीमेवर गस्त घालताना धुक्यात वाट चुकला होता आणि पलीकडच्यांच्या हाती लागला होता. पलीकडचीही काही पोरं अशीच अलीकडे अडकलेली. मॅडम मंत्रालयात जोडे झिजवून आल्या, तेव्हा तिथल्या साहेबांनी आतली गोष्ट सांगितली होती. "आपण होऊन विषय काढला तर आमचा कमीपणा दिसतो. त्यांचंही तेच आहे. तुमच्या परिषदेच्या निवेदनात कैद्यांच्या अदलाबदलीची एक ओळ येऊ द्या. ती धरून आम्ही बोलणी सुरू करतो."

ती ओळ पहिल्याच बैठकीत मांडली गेली आणि चमत्कार झाला. कोणी हरकत घेतली नाही. पलीकडचे दाढीवाले प्राध्यापक तर म्हणाले, "पोरं आपापल्या आईकडे जाऊ देत. यात काय बोलायचं?" अध्यक्ष म्हणून तिसऱ्या देशाचे एक निवृत्त राजदूत आणले होते. त्यांनी आनंदाने टेबल वाजवलं. "एकमत! बाजूला ठेवा. पुढचा विषय."

मॅडमनी व्हरांड्यात जाऊन बहिणीला फोन लावला.

"ताई, खरंच झालं?"

"झालं गं. कोणी हूं की चूं केलं नाही."

बहीण रडली, मग हसली, मग म्हणाली, त्याची खोली झाडायला घेते.

पुढचं सगळं मात्र नुसतं गुऱ्हाळ. सीमेला सीमा म्हणायचं की रेषा, यावर एक अख्खा दिवस गेला. मागच्या चकमकीला चकमक म्हणायचं की घटना, यावर दुसरा. मॅडमच्या बाजूच्या एका सहकाऱ्याला सगळे मागून सेनापती म्हणत. त्यांनी आयुष्यात भाजीची सुरीसुद्धा धरली नव्हती, पण समोरच्याने 'खेद' म्हटलं की यांना 'तीव्र खेद' हवा असायचा. मग तिकडचे 'अतितीव्र' काढायचे. मॅडमना वाटायचं, उठावं आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत. पण त्या वादातल्या वाक्यांचे मसुदे लिहीत राहिल्या. आपली ओळ पदरात पडली आहे, बाकीच्यांनी घालू दे काय गोंधळ घालायचा तो, अशी मनाची समजूत घालत राहिल्या.

अखेरच्या दुपारी अध्यक्षांनी अंतिम निवेदन वाचून दाखवलं. रेषा आली. घटना आली. अतितीव्र खेद आला. चादरीवरही एक परिच्छेद आला. टाळ्या झाल्या, लोक बॅगा उचलू लागले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "कैद्यांची ओळ कुठाय?"

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "ती कशी येईल? निवेदन बैठकांच्या नोंदींवरून तयार होतं. नोंदी चर्चेच्या ठेवतात. त्या विषयावर चर्चा झालीच नाही."

"कारण सगळ्यांना मान्य होतं!"

"तेच म्हणतोय मी. वाद मिटवणं हे आपलं काम. जिथे वादच नाही, तिथे आपण काय लिहिणार?"

"एक ओळ फक्त. आत्ता घाला."

"चर्चेशिवाय घातली तर पायंडा पडेल, मॅडम. उद्या कोणीही उठून काहीही घालेल. पुढच्या परिषदेत बघू की."

पुढची परिषद दोन वर्षांनी. मॅडमनी मदतीसाठी आजूबाजूला पाहिलं. सेनापती हातातल्या घड्याळाकडे बघत होते. दाढीवाले दारापर्यंत पोचले होते. बाहेर विमानतळाच्या गाड्या उभ्या होत्या. कोणीही वाईट माणूस नव्हता आणि त्याचाच मॅडमना सगळ्यात जास्त संताप आला. आता बहिणीला काय तोंडाने सांगायचं?

अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, उगीच जिवाला लावून घेताय. पोरं घरी यावीत, याला कोणाचा विरोध आहे का?"

मॅडम उभ्या राहिल्या.

"आहे. माझा," त्या म्हणाल्या. "एकाही कैद्याला सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. नोंद करा."

दाढीवाले दारातून गर्रकन मागे फिरले. "हे आम्हाला बिलकूल मान्य नाही!" ते गरजले आणि बॅग खाली टाकून, खुर्ची ओढून बसले.