गायकाच्या जेवणाची पाळी

जत्रा कमिटीचे अध्यक्षसाहेब, तुम्ही शब्द फिरवलात. गेल्या साली त्या गायकानं स्टेजमागं रचनाला ओढलं, तेव्हा "दे तक्रार, मी हाय तुझ्या पाठीशी," असं तुम्हीच म्हणालात. यंदा पुन्हा त्याचाच कार्यक्रम ठेवलात. रचनानं जाब विचारला तर तुम्ही म्हणालात, "बेळगावच्या कोर्टात केस चालूच हाय की. आणि त्याच्याबिगर लोकं येत न्हाईत गं."

आपल्या गावात कलाकारांना जेवू घालायची पाळी घरोघर फिरते. यंदा ती तुमच्या घरी आली. गायक हात धुऊन तुमच्या पुढच्या सोप्यात पाटावर बसलाय. आतून ताट घेऊन रचना दारात आली आणि तिथंच थांबली.

"आप्पा, तुमच्या पावण्याला मी वाढू का आईला पाठवू? बोला की!"