ओळखीचा आवाज

गाण्यांनी तिला घराघरांत पोचवलं होतं आणि टीव्हीवरच्या सूत्रसंचालनाने तिथेच मुक्काम ठोकायला लावला होता. आज सकाळी मात्र डॉक्टरांनी घसा तपासून सांगितलं, "गाणं आता विसरा. बोलतानाही आवाज असाच घोगरा राहील."

तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मेकअप रूममध्ये ती नुसत्या येरझारा घालत होती. निर्मात्याला सांगायचा धीर होईना. आधी आईशी बोलावं म्हटलं, तर नेमकी मोबाइलने मान टाकलेली. मेकअपवालीचा फोन मागून तिने आईचा नंबर लावला.

"आई, अगं मी बोलतेय..."

 

"राँग नंबर लागलाय हो बाई. ठेवा बरं पटकन, माझी लेक गातेय टीव्हीवर!"