काळ्या घेवड्यापुढचा आकडा

“मडकी एकोणचाळीस आहेत, पोरी. तुझ्या यादीत अडतीसच वाणं कशी?” गावची बियाणे बँक सांभाळणाऱ्या ठकूबाईंनी विचारलं.

बँकेच्या नोंदी संगणकावर चढवायला शहरातून आलेली शर्वरी चक्रावली. एका तक्त्यात वाणं, दुसऱ्यात गेल्या तीन वर्षांत ती पेरायला नेणाऱ्या बायका. दोन्ही जोडून कुठलं वाण किती जणींनी नेलं, एवढंच तिची क्वेरी, म्हणजे संगणकाला घातलेला प्रश्न, मोजत होती. मग गळालं कोण? एकेक मडकं ताडून पाहिल्यावर सापडला काळा घेवडा. तिच्या जोडणीत नेणारीचं नाव असेल तरच वाण यादीत येत होतं. तिनं लेफ्ट जॉइन लावला, म्हणजे नाव नसलं तरी वाण येईल. घेवडा आला. पुढे आकडा, एक.

“एक? कोणी नेला गं?” ठकूबाई पुढे सरकल्या. “शिजायला अख्खी दुपार लागते, म्हणून कोणी हात लावत नाही त्याला.”

शर्वरीलाही राहवेना. शोधलं, तर नावाची जागा रिकामी. क्वेरी ओळी मोजत होती आणि ती रिकामी ओळही तिनं एक धरली होती. शर्वरीनं ओळींऐवजी नावं मोजली. शून्य.

ठकूबाईंचा चेहरा उतरला. “म्हणजे तीन वर्षं पेरलाच नाही? यंदा राहिला तर बी मरेल.” त्यांनी मडक्यातल्या राखेतून मूठभर घेवडा काढून शर्वरीच्या ओंजळीत ओतला. “गॅलरीत वेल चढव. नेलं त्याच्या दुप्पट आणून द्यायचं, ही इथली रीत.”

शर्वरी ओंजळीतला घेवडा निरखू लागली.

“बघतेस काय? लिही तुझं नाव. मघाचा तो एक आता खरा कर.”