हातभर दोरा

आईने जन्मभर हौसेने शिवणकाम केलं. लेकीच्या झबल्यापासून नातीच्या बाहुलीच्या रजईपर्यंत सगळं तिच्याच हातचं. "हात अजून तसेच आहेत गं, डोळे तेवढे दगा देतात. तू सुईत दोरा ओवून ठेव, पुढचं माझं मी बघते," असं ती म्हणाली. तेव्हापासून लेक रोज ऑफिसला निघण्याआधी सगळ्या सुयांमध्ये दोरे ओवायची, टोकाला गाठ मारायची आणि सुया उशीला टोचून ठेवायची.

"हातभरच घे हं. लांब घेतलास की गुंता होतो," हे आईचं पालुपद ठरलेलं.

संध्याकाळी सगळ्या सुया रिकाम्या दिसल्या, की लेकीचा जीव भांड्यात पडायचा. काय शिवतेस म्हणून विचारलं, तर आई फणकारायची, "अर्धवट काम मी कुणाला दाखवलंय का कधी?"

आज दोरे ओवता ओवता लेकीच्या शर्टाचं बटण तुटलं. आई अंघोळीला गेली होती, म्हणून तिने स्वतःच कपाटातला बटणांचा डबा काढला.

डबा दोऱ्यांनी गच्च भरला होता. लाल, निळे, पिवळे. एकही दोरा टाक्यापुरतासुद्धा आखूड झालेला नव्हता, आणि प्रत्येकाच्या टोकाला तिनेच मारलेली गाठ तशीच होती.

"झाले का गं ओवून?" आईने आतून विचारलं.



"होतच आलंय," म्हणत लेकीने डबा होता तसा ठेवून दिला, आणि पुढच्या सुईसाठी दोरा तोडला, बरोब्बर हातभर.