काट्यावरचा आकडा

“दोनशे दहा,” शशिकला ओरडून म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, जयसिंगरावांनी, मान हलवली आणि पाय तसाच दाबून ठेवला.

बिजासनच्या टेकडीखाली विमानतळाची धावपट्टी पौषातल्या दुपारच्या उन्हात सुस्तावली होती. मोटारींच्या शर्यतीत तिच्याभोवती वीस फेऱ्या मारायच्या होत्या आणि ही नववी होती. वारा कानात तंबोऱ्यासारखा घुमत होता. कडेचे गव्हाचे मळे हिरव्या पाण्यासारखे मागे वाहत होते. त्या वाहत्या जगात शशिकलाची नजर एकाच जागी खिळलेली होती, गुडघ्यांसमोरच्या वाटोळ्या तबकडीवर. इंजिनातलं तेल किती तापलंय ते तिच्यावर दिसायचं. तबकडी तिच्याच बाजूला होती. चालवणाऱ्याला काटा दिसत नसे.

संस्थान विलीन झालं तेव्हा दरबारच्या मोटारखान्यातून ही दोन आसनांची विलायती गाडी जयसिंगरावांकडे आली. पाठोपाठ मिस्त्री संताजीही आला. पोलोग्राउंडजवळच्या आपल्या शेडमध्ये त्यानेच शशिकलाला काटा वाचायला शिकवलं होतं. तेल दोनशे चाळीसवर गेलं की पाण्यागत पातळ होतं, असं त्याने सांगितलं. “मग लोखंडाला लोखंड घासतं, बाईसाहेब. और फिर इंजन गया समजो.” म्हणून चाळीस म्हटलं की साहेब पाय काढणार, तेल जरा निवणार, मग पुन्हा वेग घेणार.

थोरले दीर प्रतापराव मानपूरच्या घाटात असेच वेगात गेले होते. त्यांना घरी आणलं तो दिवस शशिकला विसरली नव्हती. त्यामुळे पहिल्या वर्षी गाडीत बसली त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं आणि काट्यावर वीस चढवून सांगायला लागली. काटा वीसवर असला की ती चाळीस म्हणे. ते निमूट पाय काढत. गाडी मंदावली की तिचा श्वास मोकळा होई.

अशी तीन वर्षं गेली. तिन्ही वर्षं महूच्या छावणीतला कॅप्टन रघुवीर पहिला आला आणि जयसिंगराव थोडक्यात दुसरे. चिडले मात्र ते कधीच नाहीत. घरी परतताना एवढंच म्हणत, “चला, धडधाकट आलो ना दोघं.”

हे वर्ष शेवटचं होतं. पुढल्या महिन्यात त्यांना ग्वाल्हेरला सरकारी नोकरीवर रुजू व्हायचं होतं आणि गाडी मुंबईच्या एका गृहस्थांकडे जायची होती. काल संध्याकाळी शशिकलाने त्यांना अंगणात गाडीत बसलेलं पाहिलं. इंजिन बंद होतं. हात चाकावर, डोळे मिटलेले, आणि ते वळणं घेत असल्यासारखे हलकेच डावी-उजवीकडे झुकत होते. दारात उभ्या राहिलेल्या शशिकलाच्या मनात आलं, या माणसाच्या तीन शर्यती आपण खाल्ल्या. उद्या काट्यावर असेल तेच सांगायचं.

“दोनशे वीस,” ती आता म्हणाली.

जयसिंगरावांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. “किती?”

“दोनशे वीस. आणखी दाबा.”

ते हसले, आणि गाडीने असा वेग घेतला की शशिकलाची पाठ आसनाला टेकली. पण भीती वाटेल वाटेल म्हणून ती वाट पाहत होती, ती भीती आलीच नाही. उलट सगळं हलकं झालं. टेकडीवरचं देऊळ तरंगत जवळ यायचं आणि तरंगत दूर जायचं. माणसांचे चेहरे, फेटे, रंगीत छत्र्या, सगळं एकमेकांत मिसळत होतं. तीन वर्षं हे आपल्या शेजारीच होतं आणि आपण काट्यापलीकडे काही पाहिलंच नाही, असं तिला वाटलं.

सोळाव्या फेरीला रघुवीरची गाडी बाजूला आली. क्षणभर दोन्ही गाड्या जोडीने धावल्या. मग ती मागे पडली.

“दोनशे तीस.”

अठरावी फेरी. पुढे कोणीच नव्हतं.

“दोनशे पस्तीस,” ती म्हणाली. अजून पाच बाकी होते.

एकोणिसाव्या फेरीच्या मध्यावर बॉनेटखाली कोणीतरी घण घातल्यासारखा आवाज झाला. गाडी थरथरली. जयसिंगरावांनी क्लच दाबला, आणि पांढऱ्या धुरातून, कसलाही आवाज न करता, गाडी गवतावर जाऊन थांबली. रघुवीर शेजारून निघून गेला.

ते उतरले, फिरून आले आणि त्यांनी तिला हात देऊन खाली उतरवलं.

“शेवटचा आकडा किती होता?”

“पस्तीस. देवाशप्पथ, काट्यावर पस्तीसच होता.”

“काट्यावर?”

“हो.”

त्यांनी रुमालाने तिच्या गालावरची काजळी पुसली, लागलं तर नाही ना म्हणून विचारलं, आणि ते रघुवीरचं अभिनंदन करायला धावपट्टी ओलांडून निघून गेले.

संताजी धापा टाकत पोचला. बॉनेट उघडून त्याने एकदाच आत पाहिलं आणि पुन्हा मिटलं. इंजिन जाम झालं होतं. तेल जळाल्याचा वास सुटला होता.

शशिकलाला आता राहवलं नाही. तिने त्याला सगळं सांगून टाकलं. तीन वर्षं ती वीस चढवून सांगत होती. आज पहिल्यांदा खरा आकडा सांगितला. चाळीस व्हायला पाच कमी होते, तरी असं का व्हावं?

संताजी गवतावर उकिडवा बसला. बोलण्याआधी त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“वीस चढवता ते ठाऊक होतं, बाईसाहेब. पहिल्याच दिवशी तेल किती तापलंय ते मी मोजलं अन् साहेबांना सांगितलं. त्यांनी त्याच सांजेला माझ्याकडून काटा वीसने मागे बसवून घेतला. म्हणाले, त्यांना खोटं पाडण्यापेक्षा काटाच खोटा असू दे.”